नळी

झुंगुला, भाता थांबव जरा.
रेडिओवर सांगितलं ते ऐकलंस ना?
बंदी उठली.
दूर कुठल्याशा थंड खोलीत
पंधरा जणांनी हात वर केले.
आपल्याकडे हात वर करतात ते
गुडघे टेकून, डोळे मिटून.
त्यांचे म्हणे मोजतात.

मी एलोदी यापेंदे, पंपसमितीची खजिनदार.
समिती उरली नाही, पेटी आहे.
पेटीत चार हजार शंभर फ्रँक,
आणि वहीत तुझं नाव:
जस्ती नळ दोन, प्रत्येकी तीन मीटर,
रात्री नेले.
परत केल्याचा रकाना कोरा.

बंदी होती तेव्हा तू त्यांचे आठ तुकडे केलेस.
सायकलच्या स्प्रिंगवर घोडा,
शाळेच्या बाकाचा दस्ता,
आणि पंपाच्या पोटातली नळी.
जिच्यातून पाणी वर यायचं
तिच्यातून खिळे आणि काचा उडायला लागल्या.

दोष देत नाही तुला.
त्या वर्षी वाका नदीपलीकडून जे आले
त्यांच्या बंदुका कोऱ्या होत्या, तेल लावलेल्या,
पट्ट्यांवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं.
त्यांना बहुधा कोणी सांगितलंच नव्हतं
की बंदी आहे.
बंदी बसते ती विचारून घेणाऱ्यांवर.

आणि इकडे नाक्यावर माझा भाचा तेओफिल,
सरकारी टोपी, सरकारी बूट, त्यातला डावा उसवलेला.
चौघांत एक बंदूक.
पाळीपाळीने धरायची,
पंपावर आपल्या बायका पाळी लावायच्या तशी.
ते आले तेव्हा पाळी त्याची नव्हती.
त्याने काय केलं?
हात वर केले.

म्हणून बंदी उठली म्हटल्यावर
मी नाचले नाही, शिव्याही दिल्या नाहीत.
एवढंच मनात आलं,
आता पाळी कोणाची?

काल ट्रकमधून लाकडी पेट्या उतरल्या.
मासळी उतरावी तशी पोरं भोवती जमली.
प्रत्येक बंदुकीवर नंबर कोरलाय म्हणाले,
म्हणजे कोणी मेलं तर
कुठल्या नंबराने मेलं ते कळेल.
तेओफिलच्या थडग्यावर नंबर नाही,
नुसती फळी आहे,
तीही अर्धी वाळवीने नेली.

तुझ्या आठांना आता कुत्रंही विचारत नाही.
सकाळी जंगलातून एक पोरगं आलं,
म्हणालं, कोंबडी द्या आणि ही ठेवा.
कोंबडी जास्त होते. मी अंडी दिली, चार.
ही बघ.
दस्ता काढून चुलीत घातला
आणि तोंड लावून फुंकली नळी,
इकडून तिकडे वारं गेलं,
जिभेवर दारूची राख राहिली.
अजून जात नाही.

मोज. सत्तर सेंटिमीटर भरते.
अशा आठ जोडल्या तर पोचेल पाण्यापर्यंत?
आटे गेलेत, ते मलाही दिसतंय.
सायकलची ट्यूब कापून बांध, डांबर लाव,
बंदूक करताना सुचलं होतं ना तुला सगळं,
तसंच आता सुचू दे.
बाकीच्या सात मी शोधते.
दोन कुठे पुरल्यात ते ठाऊक आहे,
एक पाद्रीबाबांच्या कपाटामागे आहे,
त्यांना वाटतं कोणाला माहीत नाही.

वेळ लागेल.
तोवर पोरी पिवळे डबे घेऊन नदीवर जातील,
नव्या बंदुकांच्या नाक्यावरून,
मान खाली घालून,
एकमेकींचा पदर धरल्यासारख्या जवळजवळ.

पाणी आलंच तर आधी लाल येईल,
मग काळं.
पहिली बादली मी ओतून देणार.
दुसरीही.
तिसरीचं बघू.

चालू कर भाता,
कोळसा विझत चाललाय.